पाणी किती?

आमच्या नदीचं नाव जगबुडी. बाहेरगावच्या माणसाला हे पहिल्यांदा सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, असलं अशुभ नाव ठेवलंच कुणी? त्याचं उत्तर खेडमध्ये ज्याच्या त्याच्या आजीनुसार बदलतं.

बाकीच्या महाराष्ट्रात जगबुडी एकदाच व्हायची आहे, तीही पुढं कधीतरी, पापाचा घडा भरल्यावर. आमच्याकडं ती रोजची आहे. सह्याद्रीतून उतरते, गावाच्या अंगाला घासून जाते, पुढं वाशिष्ठीला मिळते आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात शिरते. एकेकाळी याच पात्रातून पडाव थेट खेडपर्यंत येत. आता उन्हाळ्यात तिच्याकडं बघितलं तर नाव ठेवणारा माणूस थट्टेखोर असावा असं वाटतं. जुलैत तसं वाटत नाही.

जुलैत सगळं गाव एका आकड्यावर जगतं. जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर, धोका पातळी ७ मीटर. बाजारपेठेतल्या पोराला हे दोन आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. त्या दिवसांत रस्त्यात कुणी भेटलं तर 'बरं आहे ना?' असं विचारत नाही, 'पाणी किती?' विचारतं. साडेपाच म्हटलं की माणूस आणखी एक चहा सांगतो. सहाच्या वर गेलं की हातातला चहा अर्धा टाकून उठतो. त्यात भरतीचा हिशेब निराळा. खाडीला भरती लागली की वरून आलेलं पाणी पुढं सरकत नाही, आणि तिकडून नारंगी फुगली की दापोलीचा रस्ता बंद.

अशा गावात, अशा बाजारपेठेत, माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, वह्या-पुस्तकांचं दुकान काढलं. शाळा जूनमध्ये उघडतात आणि पाऊसही जूनमध्येच येतो. म्हणजे वर्षात ज्या दिवसांत दुकानात माल सगळ्यात जास्त, त्याच दिवसांत नदी सगळ्यात जवळ. याच्याहून खुळा धंदा शोधून सापडला नसता, असं आई म्हणायची. किराणावाल्याची साखर विरघळते आणि जाते बिचारी. वही मात्र फुगते आणि तशीच डोळ्यांसमोर बसून राहते.

तात्यांनी त्यावर केलेली योजना अगदी साधी होती. दुकानाला एक माळा आणि माळ्याला एक भक्कम शिडी. पाणी साडेसहाला गेलं की माल वर. आधी पाठ्यपुस्तकं, मग वह्यांचे गठ्ठे, मग कागदाची रिमं, शेवटी कंपासपेट्या आणि रंगपेट्या, कारण त्या धुता येतात. हा क्रम भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. भिंतीवर होत्या त्या वेगळ्या खुणा. प्रत्येक पुराचं पाणी जिथवर चढलं तिथं तात्या पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारत आणि शेजारी साल लिहीत. दुकान रंगवायला माणूस आला की त्याला तेवढी हातभर पट्टी सोडायला सांगत. दरवेळी तो विचारी, 'ही घाण कशाला ठेवता?' आणि दरवेळी तात्या त्याला चहा पाजत.

त्या पट्टीवर २००५ ची रेघ आहे, २६ जुलैची. त्या दिवशी मुंबई बुडाली म्हणून देशाला तो पूर माहीत झाला. मुंबईच्या आधी आणि मुंबईबरोबर महाड, खेड, चिपळूणही बुडालं होतं, पण तिथं टीव्हीचे कॅमेरे नव्हते. आम्ही माळ्यावर चढवलेला माल वाचला, पण खालच्या कपाटात एक खोकं विसरलं होतं. भारताचे कोरे नकाशे. शाळेत भूगोलाच्या तासाला लागतात ते, रुपयाला एक. चार दिवसांनी वीज नसलेल्या दुकानात बॅटरीच्या उजेडात ते खोकं उघडलं तेव्हा आतून गाळाचा वास आला आणि देश एकमेकांना चिकटलेले निघाले.

मी ते फेकायला निघालो होतो. तात्या म्हणाले, 'थांब.' त्यांनी एकेक नकाशा अंगठ्याच्या नखानं सोडवला. घराच्या पडवीत दोऱ्या बांधल्या, आईच्या साड्यांचे चिमटे घेतले आणि पाऊस जरा उघडलेला बघून दोनेकशे नकाशे वाळत घातले. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. सगळं घर गाळात आणि हा माणूस दोनशे रुपयांचा कागद वाळवतोय! वाऱ्याबरोबर ते फडफडत होते आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. तात्यांनाही हसू येत होतं, पण चिमटे लावणं त्यांनी थांबवलं नाही.

वाळल्यावर प्रत्येक नकाशावर डाग राहिला. एकासारखा दुसरा नाही. कुणाच्या राजस्थानात तळं झालं होतं, कुणाच्या बंगालच्या उपसागरात नवं बेट उगवलं होतं. ते आम्ही आठ आण्याला विकले. पोरांनी घेतले. एक पोरगी डाग निवडून निवडून घेत होती, तिला काश्मीर कोरं हवं होतं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा पुतण्या.

२०२१ चा जुलै. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरली होती. एप्रिल-मे मध्ये प्राणवायूसाठी माणसं रुग्णालयांच्या दारात तडफडलेली आम्ही सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली होती, आणि आमच्या आळीतूनही दोघंजण गेले होते, ज्यांच्या मयताला आम्हाला जाता आलं नव्हतं. पुतण्या पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करत होता, म्हणजे खेडमध्ये, माडीवरच्या खिडकीशी, जिथं रेंज येते. परदेशी जायचे त्याचे कागद तयार होत होते. पोरगा हुशार आणि तितकाच रागावलेला. कुठल्याही पंचवीस वर्षांच्या माणसानं आपल्या देशावर रागवावं एवढं कारण त्या वर्षी होतंच.

२१ तारखेच्या रात्री पाऊस कोसळत होता. पाणी वाढत चाललं तसे आम्ही दोघं दुकानात गेलो. तात्या तेव्हा पंचाऐंशीचे. त्यांना माडीवर खुर्चीत बसवलं होतं आणि ते दर पाच मिनिटांनी वरून हाक मारून विचारत, 'पाणी किती?' फोनवर आकडा बघून मी ओरडून सांगायचो. मी शिडीवर, पुतण्या खाली. तो गठ्ठे देत होता, मी वर लावत होतो. मध्येच तो थांबला. हातात दोनशे पानी वह्यांचा गठ्ठा, डोक्यावर मोबाइलची बॅटरी पट्टीनं बांधलेली, पायाशी गटारातून वर येऊ लागलेलं पाणी. म्हणाला, 'काका, खरं सांगा, या देशाचं काही होणार आहे का?'

एवढ्या मोठ्या प्रश्नाला त्यानं वेळ बरोबर निवडली होती.

मी काही बोलायच्या आत वरून तात्यांचा आवाज आला, 'आधी तो गठ्ठा वर दे!'

पोरगा हसला, गठ्ठा दिला. आमचं त्या रात्रीचं बोलणं तिथंच संपलं, कारण पहाटे पाणी दुकानात शिरलं आणि आम्ही शटर ओढून माडीवर गेलो. २२ तारखेला खेडची बाजारपेठ पाण्यात होती, चिपळूण तर आमच्याहून वाईट. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा रस्त्यावर घोटाभर गाळ होता, तो तेलकट, काळा, फावड्याला चिकटणारा. मी कपाळाला हात लावून बसलो होतो. वह्या वाचल्या होत्या, पण फर्निचर गेलं होतं, विमा नव्हता. तेवढ्यात कुणीतरी पोसऱ्याची बातमी आणली.

पोसरे आमच्याच तालुक्यात. तिथल्या बौद्धवाडीवर रात्री डोंगर आला होता. १७ माणसं गेली. त्याच पावसात घाटापलीकडं महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गाडली गेली. फर्निचरचं दुःख तोंडातून काढायची लाज वाटली. मी उठलो आणि फावडं घेतलं.

आशेबद्दल लिहिताना पोसरे मध्ये येतं आणि ते यायलाच हवं. 'खेडची माणसं बघा, दरवर्षी बुडतात आणि पुन्हा दुकान उघडतात' असं बाहेरचे लोक कौतुकानं म्हणतात तेव्हा मला बरं वाटत नाही. दुकान उघडतो कारण पोट आहे. आणि सोसण्याचं फार कौतुक झालं की सोसायला लावणाऱ्याला कुणी विचारत नाही. जगबुडीवरचा महामार्गाचा जुना पूल अरुंद होता, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत होतं. १९ मार्च २०१३ ला पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली बस त्या पुलावरून नदीत कोसळली. ३७ माणसं मेली. तेव्हा पूर नव्हता, पाऊस नव्हता, मार्च महिना होता. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं होतं, आणि त्यानंतर इतकी वर्षं ते चालू आहे की कोकणात 'महामार्ग पूर्ण झाल्यावर' हा शब्दप्रयोग 'पुढच्या जन्मी' या अर्थानं वापरतात. त्याच महामार्गावरचा कशेडीचा बोगदा २०२३ च्या गणपतीत एका बाजूनं उघडला तेव्हा त्यातून गाडी नेताना आमच्या ड्रायव्हरनं हात जोडले होते. देवाला की सरकारला ते त्यानं सांगितलं नाही.

पुतण्याचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. तात्यांनी तो टोलवला होता, उत्तर दिलं नव्हतं. त्या पावसाळ्यात गाळ काढून झाल्यावर हाताला काम नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं, शाळा बंदच होत्या. मी माळ्यावरची जुनी पुस्तकं खाली काढून बसलो. त्यात कर्व्यांचं 'आत्मवृत्त' होतं.

महर्षी कर्वे मूळचे मुरूडचे, दापोलीजवळच्या समुद्राकाठच्या मुरूडचे, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांचा जन्म मात्र आजोळी झाला, शेरवलीला, आणि शेरवली खेड तालुक्यात. १८ एप्रिल १८५८. सत्तावन्नचं बंड मोडलं जात होतं, कंपनीचं राज्य जाऊन राणीचं यायचं होतं. ते वारले ९ नोव्हेंबर १९६२ ला, आणि तेव्हा चीनचं आक्रमण सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. तात्या सांगत, त्या दिवसांत वर्तमानपत्रात सीमेवरच्या बातम्यांशिवाय काही वाचवत नव्हतं. आजीनं संरक्षण निधीला कानातली फुलं दिली होती. त्या गदारोळात एकशेचार वर्षांचा हा म्हातारा गेल्याची बातमी आली.

मी कागदावर मांडणी करून पाहिली. या माणसाच्या आयुष्यात काय काय आलं? १८७६ चा दुष्काळ, पुण्याचा प्लेग, १९१८ चा इन्फ्लुएन्झा, दोन महायुद्धं, फाळणी, गांधींचा खून, पानशेत, चीन. यातलं कुठलंही एक वर्ष उचललं तरी देशाचं काही खरं नाही असं म्हणायला पुरेसं होतं. आणि याच वर्षांच्या शेजारी दुसरा रकाना. १८९३, विधवेशी लग्न. १८९६, अनाथ बालिकाश्रम. १९१६, महिला विद्यापीठ. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांत प्राथमिक शाळा काढायला मंडळ. १९४४ मध्ये, शहाऐंशी वर्षांचे असताना, समता संघ.

या दुसऱ्या रकान्यात मला एक गोष्ट फार गंमतीची वाटली. माणूस गणिताचा. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचा. आश्रम हिंगण्याला नेल्यावर कॉलेज सुटलं की संध्याकाळी पायी तिकडं जायचा, चिखलातून, आणि सकाळी परत. तरुणपणी परीक्षेला बसायला मुरूडहून साताऱ्याला चालत गेला होता, डोंगर ओलांडून, शंभराहून जास्त मैल. तिथं पोचल्यावर त्याला सांगितलं, तू लहान दिसतोस, बसता येणार नाही. झालं, परत. माझ्यासारखा असता तर साताऱ्याच्या त्या पायरीवरच देशाबद्दलचं मत पक्कं करून उठला असता. पुनर्विवाह केल्यावर गावानं बहिष्कार टाकला, ज्या मुरूडच्या भल्यासाठी हा माणूस फंड जमवत होता त्याच मुरूडनं. हे सगळं वाचताना वाटतं आता चिडेल, आता रडेल. तो आपला आकडे सांगत राहतो. इतके रुपये जमले, इतक्या मुली आल्या. हा माणूस देशाच्या भवितव्यावर बोलायला तयारच नाही. तो वर्गणीची पावती फाडतो.

तात्यांच्या माळ्याच्या क्रमाची मला आठवण आली. आधी पाठ्यपुस्तकं, मग वह्या.

पण इथंच थांबलो असतो तर स्वतःची फसवणूक झाली असती, कारण त्याच ढिगात साने गुरुजीही होते. पालगड दापोली तालुक्यात, पण खेडच्या वेशीवरचंच म्हणायचं. २४ डिसेंबर १८९९ चा जन्म. या देशावर त्यांच्याइतकं उघडपणे, जीव ओवाळून टाकल्यासारखं प्रेम मराठीत दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या दुकानात 'श्यामची आई' कधी संपलेली चालायची नाही. ती तात्यांच्या क्रमात पाठ्यपुस्तकांबरोबर वर जायची. आणि या माणसानं ११ जून १९५० ला, स्वतंत्र झालेल्या, प्रजासत्ताक होऊन पाच महिनेही न झालेल्या देशात, स्वतःच्या हातानं आपलं आयुष्य संपवलं. पन्नाशी गाठून सहा महिनेही झाले नव्हते.

दोन गावं, एकाच टापूतली. एक माणूस एकशेचार वर्षं जगला आणि एक पन्नासाव्या वर्षी थकला. लहानपणी तात्यांना मी विचारलं होतं, गुरुजींनी असं का केलं? ते म्हणाले होते, 'त्यांना सगळ्यांचं लागायचं.' त्याच्यापुढं कुणाला काही सांगता येईल असं मला वाटत नाही, आणि दुसऱ्याच्या अंधाराचा निवाडा करण्याचा मला अधिकारही नाही.

कर्व्यांचा हिशेबीपणा शहाणपणाचा आणि गुरुजींचा भाबडेपणा घातक, असा निकाल लावणं सोपं आहे. तो लावायला गेलो की पंढरपूर आडवं येतं. १ मे १९४७ ला गुरुजी उपोषणाला बसले, हरिजनांना विठ्ठलाचं दार उघडावं म्हणून. दहाव्या दिवशी दार उघडायचं ठरलं. शेकडो वर्षं बंद असलेलं दार पावत्या फाडून उघडलं नसतं. त्याला कुणीतरी जीवच टेकवावा लागला. म्हणून वाईट दिवसांत मी कर्व्यांकडं बघतो आणि माझा जीव मात्र गुरुजींकडं ओढ घेतो. हे गणित मला सुटलेलं नाही. पुतण्याला मी त्या दिवाळीत एवढंच सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे तुम्हालाही उत्तर माहीत नाही.' मी म्हटलं, 'नाही.' त्याला ते आवडलं असावं, कारण त्यानंतर तो माझ्याशी नीट बोलू लागला.

त्यानंच मग आंबडव्याची गोष्ट काढली. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. तो मोटरसायकलनं जाऊन आला होता. त्याला बाबासाहेबांचं संविधान सभेतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण जवळजवळ पाठ होतं. त्याच्या पिढीत हे एक चांगलं आहे, ती मूळ कागद उघडून वाचते. बाबासाहेब त्यात म्हणाले होते की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीत पाऊल टाकतो आहोत. राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, आणि ती लवकर दूर केली नाही तर जे सोसतात ते ही इमारतच उडवून देतील. पुतण्या म्हणाला, 'काका, घटना हातात देताना माणूस असं बोलतो? पेढे वाटायच्या दिवशी?'

मी म्हटलं, 'पाच मीटर.'

'काय?'

'इशारा पातळी. पाच मीटरला सांगावं लागतं. सातला सांगून उपयोग नसतो.'

आपल्याकडं इशारा देणाऱ्याला निराशावादी म्हणायची पद्धत पडली आहे, देशद्रोही म्हणायचीही. नदीकाठच्या गावाला ही चैन परवडत नाही. पाणी मोजणाऱ्या माणसाशी कुणी भांडत बसत नाही, आणि आकडा आवडला नाही म्हणून पातळीच्या फळीवरचे आकडे पुसत नाही. माझी या देशाबद्दलची खरी भीती आहे ती एवढीच, की आपण फळी पुसायला लागलो आहोत.

भीती आणि लाज. लाजेची एक गोष्ट सांगतो. जानेवारी १९९३. कोकणातल्या प्रत्येक घराचं एक माणूस मुंबईत असतं, हिंदूचं असो की मुसलमानाचं, आणि खेडमध्ये दोन्ही घरं शेजारी शेजारी आहेत. मुंबई पेटली होती. बाजारपेठेतल्या एसटीडी बूथसमोर रांग लागली होती. काचेच्या त्या खोक्यात जो बोलायचा त्याचं सगळं बाहेर ऐकू यायचं. गिरगाव, मदनपुरा, लालबाग, डोंगरी, अशी नावं. शेजारचे छत्रीवाले चाचा माझ्या पुढं उभे होते, त्यांचा मुलगा भेंडीबाजारात कामाला. रांगेत माझ्या मागं उभ्या असलेल्या एकानं मोठ्यानं एक वाक्य टाकलं, इथं लिहिण्यासारखं नाही. चाचांनी ऐकलं, मीही ऐकलं आणि मी गप्प बसलो. चाचांचा नंबर आला, फोन लागला नाही. त्यांनी पुन्हा रांगेच्या शेवटी जायला पाठ वळवली, तेव्हा रांगेतल्या एका म्हातारीनं, खेड्यातून आलेल्या, कासोट्यातल्या, त्यांना हाताला धरून परत पुढं उभं केलं. म्हणाली, 'लाव रे बाबा परत. पोराचं हाय.' मागच्या सगळ्यांनी तो वेळ सोसला. तो वाक्य टाकणारासुद्धा गप्प उभा राहिला.

मी जे करायला हवं होतं ते त्या म्हातारीनं केलं. चाचांचा मुलगा सुखरूप होता. आमचा मामेभाऊही. चाचांनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही. पुढं २००५ मध्ये त्यांच्या छत्र्या आमच्या माळ्यावर चढल्या होत्या. त्यात काय एवढं, त्यांच्या दुकानाला माळा नव्हता.

पुतण्याला आणीबाणीचंही ऐकायचं होतं. तात्या त्याला रंगवून सांगत. मला त्यातलं दंडवत्यांचं तेवढं आवडायचं. मधू दंडवते राजापूरचे, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेचे, खासदार. जून १९७५ मध्ये बंगळुरूला पकडले गेले, वाजपेयी आणि अडवाणींबरोबर. ते बंगळुरूच्या तुरुंगात, प्रमिलाबाई येरवड्याला. नवरा-बायकोचा संसार पत्रांवर. तात्या म्हणायचे, '७६ च्या पावसाळ्यात मला कुणी सांगितलं असतं की तुरुंगातला हा माणूस पुढच्या वर्षी देशाचा रेल्वेमंत्री होईल, तर मी त्याला ठाण्याला नेऊन दाखवलं असतं.' ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात. मार्च १९७७ मध्ये दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंच गादी घातली. गोरगरिबाच्या पाठीला देश सुधारल्याचं पहिल्यांदा कळलं ते त्या दोन इंचांनी, असं तात्यांचं मत होतं.

आणि कोकण रेल्वे? तिची वाट बघत नाथ पै गेले. अ. ब. वालावलकर तिच्यासाठी कोकणातले डोंगर पायी तुडवत राहिले. दंडवते, फर्नांडिस, श्रीधरन, असे एकामागून एक हात लागत गेले तेव्हा १९९५ च्या मार्चमध्ये मुंबईकडून गाडी खेडला पोचली. ती बांधताना जीव गमावलेल्या कामगारांचं स्मारक रत्नागिरीला आहे, ते गाडीतून उतरून सहसा कुणी बघत नाही. त्या आठवड्यात तात्या काही काम नसताना वीरपर्यंतचं तिकीट काढून गेले, वीरला उतरले, चहा प्यायले आणि एसटीनं घरी आले. परतीची गाडी सोयीची नव्हती. आई म्हणाली, 'एवढं मोठं काय बघितलंत?' म्हणाले, 'बोगदा.' आणि दोन दिवस बोगद्याबद्दलच बोलत होते.

पुतण्या गेला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, कॅनडाला. तो जाऊ नये असं मी एका शब्दानंही सुचवलं नाही. खेडनं आजवर मुंबईला माणसं दिली, आखाताला दिली, बोटींवर दिली. माणूस गेला म्हणजे गाव सोडलं असं इथं कुणी मानत नाही. गणपतीला घराचं कुलूप निघालं की झालं. निघताना तो तात्यांच्या पाया पडला. तात्यांना त्या दिवशी नीट ओळख पटत नव्हती. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, 'पाणी किती?' तो म्हणाला, 'चार, तात्या. काही नाही.' ऑगस्टचा आकडा त्यानं बघून ठेवला होता.

तात्या त्याच्या पुढच्या वर्षी गेले. दुकान आहे. शाळांचा पट घसरला आहे, वाड्यांवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कधी चार पोरं तर कधी तीन, आणि कर्व्यांनी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ज्यासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली त्या खेड्यातल्या शाळेला आता कुलूप लागतं की काय, ही धास्ती आहे. कोरे नकाशे अजून विकले जातात, आता पाच रुपयांना. २०२१ ची रेघ मीच मारली, तात्यांचा हात कापत होता म्हणून. ती २००५ च्या शेजारी आहे. रंगारी अजून विचारतो, आणि मीही त्याला चहा पाजतो.

गेल्या जुलैत एका रात्री फोन वाजला. आमच्याकडं अडीच वाजले होते, त्याच्याकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ. ज्या देशाचं काही होणार नाही असं त्याला वाटत होतं, त्या देशातल्या एका तालुक्याच्या नदीचा आकडा तो परक्या देशातल्या बसमधून बघत होता. सरकारी आकडा तासभर बदललेला नव्हता म्हणून तो अस्वस्थ होता.

'काका, पाणी किती?'

'मघाशी सहा पॉइंट दोन होतं.'

'ते मलाही दिसतंय. चढतंय की उतरतंय?'

पत्र्यावर पाऊस वाजत होता. भरतीची वेळ मी मनात मांडली, पण नक्की सांगता येईना.

'थांब,' मी म्हटलं, 'बघून येतो.' आणि फोन तसाच चालू ठेवून छत्री शोधायला लागलो.